बरोबर पन्नास मीटर

भिंत लवकर आली. सव्विसावा हात मारून हिरान्ती वीरकोनचं शरीर पाण्याखालून नुसतं पुढे सरकत होतं, बोटं अजून पुरती ताणली गेली नव्हती, त्या सरकण्याला अजून बोटभर वाट हवी होती. तेवढ्यात फरशी आली आणि मधल्या बोटाचं पेर चरकन दुखलं. ती वर आली, कठड्याला धरून राहिली. सकाळचे साडेसहा वाजत होते. कोलंबोतल्या त्या क्लबच्या तलावात दुसरं कुणी नव्हतं. रखवालदार पलीकडे नळीने पायऱ्या धूत होता आणि रेल्वेरुळांच्या पलीकडून समुद्राचा तो रोजचा, कुणी लक्ष न देण्यासारखा आवाज येत होता. काल असंच झालं होतं, परवाही. परवा तिने वयाला दोष दिला होता. एक्कावन्नाव्या वर्षी खांदे, गुडघे आणि डोळे आपापल्या सोयीने खोटं बोलायला लागतात, तसे हातही बोलत असतील. पण या तलावात ती बत्तीस वर्षं पोहत होती. एकोणिसाव्या वर्षी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकोणीस हात लागायचे, चाळिशीत बावीस, आता सव्वीस. आकडे वाढत गेले तरी शेवटचं सरकणं तेवढंच राहिलं होतं. घरातला अंधारातला जिना पायाला माहीत असतो तसं तिला ते माहीत होतं. आणि आता जिन्याची एक पायरी कुणीतरी कापून नेल्यासारखं वाटत होतं. तिने भिंतीकडे पाहिलं. नव्या निळ्या फरश्या. जानेवारीत बसवलेल्या. खांद्याच्या दुखण्यामुळे तेव्हापासून ती पाण्यात उतरली नव्हती, परवाच परत सुरुवात केली होती. तिला त्या आवडल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पोहण्याचा पोशाख न घेता आली, पोलादी टेप घेऊन आली. जमीन मोजणी खात्यात सव्वीस वर्षं नकाशे काढण्यात गेली होती; टेप कसा झोळ खातो, ओढ कमी पडली की कसा फसवतो, उन्हात किती वाढतो हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. रखवालदाराच्या हातात एक टोक देऊन तिने आठही लेन मोजल्या. दोनदा. मग तपमान पाहून आकडेमोड केली. रखवालदार तिच्या खांद्यावरून वहीत डोकावला आणि खूश होऊन म्हणाला, "बरोबर पन्नास, मिस! मिलिमीटरचासुद्धा फरक नाही. बोर्डावर लिहिलंय तेच."

"हो," ती म्हणाली, "बरोबर पन्नास." आणि ओल्या पायरीवर तशीच बसली.

बरोबर पन्नास होतं, तेच तर चुकलं होतं. हा तलाव बांधणाऱ्या माणसाने तो मुद्दाम तीन सेंटिमीटर लांब बांधला होता. स्पर्धेत वेळ मोजायला दोन्ही भिंतींवर टच-पॅड टांगतात, पोहणाऱ्याचा हात त्या पॅडला लागतो, भिंतीला नाही. प्रत्येक पॅड सेंटिमीटरभर जाड. दोन्ही पॅड लावूनही पन्नासाच्या आत एक केस येता कामा नये म्हणून ती तीन सेंटिमीटरची मोकळीक होती. आणि जानेवारीत फरशीवाल्यांनी खोल टोकाच्या जुन्या फरश्या उखडायचा कंटाळा करून नव्या त्यांच्यावरच चिकटवल्या होत्या. पॅड लावल्यावर हा तलाव एकोणपन्नास मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर होता. दोन सेंटिमीटर आखूड. आणि मार्चमध्ये, दोन्ही पॅड लावून, याच तलावात राष्ट्रीय स्पर्धा झाली होती. त्या स्पर्धेत वाद्दुव गावच्या ओशादी कुरुप्पु नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा राष्ट्रीय विक्रम मोडला होता. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, एकोणीस शतांश. आधीचा विक्रम सतरा शतांशांनी मोठा होता, एकतीस वर्षं टिकला होता, आणि हिरान्ती वीरकोनचा होता.

ऑफिसात त्या दिवशी तिने एका डोंगराच्या समोच्च रेषा दोनदा चुकीच्या काढल्या. डोक्यात गणित चाललं होतं. चार फेऱ्या, आठ सेंटिमीटर. ओशादीच्या वेगाने आठ सेंटिमीटर म्हणजे सात शतांश सेकंद. म्हणजे तलाव पुरता असता तरी ती मुलगी दहा शतांशांनी पुढेच असती. हे गणित तिने तीन वेळा केलं, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं याचं तिला बरं वाटलं की वाईट, ते तिला कळेना. नियमपुस्तकात मात्र या गणिताला जागा नव्हती. तिथे एवढंच होतं, की तलाव आखूड असेल तर त्यात काही घडलंच नाही. ते वाक्य जलतरण महासंघाच्या नियमांच्या सिंहली भाषांतरात तिनेच लिहिलं होतं, बारा वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रविवारी, समोर साधा चहा आणि गुळाचा खडा ठेवून. लिहिताना ते किती स्वच्छ वाटलं होतं!

आणि मग तिला तो दिवस आठवला, जो ती सकाळपासून आठवायचं टाळत होती. मार्चमधली ती संध्याकाळ. फळ्यावर ओशादीची वेळ लागली, लोक उभे राहून ओरडले आणि मग ओरडता ओरडता सगळ्यांच्या माना हळूच तिच्याकडे वळल्या. अधिकाऱ्यांच्या टेबलाशी पांढऱ्या कपड्यात बसलेल्या तिच्याकडे. ही आता कसं तोंड करते, हे पाहायला. ती उठली होती, हसली होती, ओल्या मुलीला मिठी मारली होती, आणि सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, तिथल्या तिथे विक्रमाचा अर्ज भरून सही केली होती. महासंघाच्या विक्रम-नोंदीचं काम तिच्याकडेच होतं. अर्जाला तलावाच्या मापाचा दाखला जोडावा लागतो. तिने फायलीतला आठ वर्षांपूर्वीचा जोडला. फरश्या नव्या आहेत हे तिला दिसत होतं. दुसऱ्या कुणाचाही अर्ज असता तर तिने म्हटलं असतं, थांबा, आधी नवीन मोजणी आणा. पण त्या दिवशी थांबा म्हणणं म्हणजे... सगळे बघत होते. तिला मोठ्या मनाचं दिसायचं होतं. त्या सहीत औदार्य नव्हतं, आरसा होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, एकतीस वर्षांची राणी नव्या राणीला मिठी मारताना, आणि तिने तो फोटो, स्वतःशीही कबूल न करता, चार वेळा पाहिला होता.

महासंघाचं ऑफिस म्हणजे क्रीडा खात्याच्या इमारतीतल्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. तीन कपाटं, एक पंखा, भिंतीतल्या फळीवर पडून पडून रंग उडालेले चषक. खासदार आले की लोकांना वाटायचं इथे फार मोठं काही चालतं. खरं काम बाकीचे दिवस चालायचं, पोहणाऱ्यांची नोंदणी, पंचांच्या परीक्षा, वयाचे दाखले, परदेशी पाठवायच्या प्रवेशिका. सेक्रेटरी लयनल मुदन्नायक पंचवीस वर्षं हे सगळं ओढत होते, बिनपगारी, आणि सगळे त्यांना लयनल अय्या, म्हणजे लयनलदादा, म्हणायचे. हिरान्तीचं बोलणं त्यांनी माशाचा पाव खाता खाता ऐकलं आणि शेवटी खाणं थांबवलं.

"कुणाला माहीत आहे?"

"रखवालदाराला. पण त्याला वाटतंय सगळं बरोबर आहे."

"मग आहेच की बरोबर." लयनल अय्यांनी हात पुसले. "हे बघ हिरु. पुढच्या स्पर्धेआधी फरश्या काढायला लावू. मी स्वतः उभा राहून काढून घेतो. पण मार्चचं मार्चमध्ये राहू दे. तीस जूनला त्या बँकॉकच्या शिबिराच्या प्रवेशिका जातायत. नऊ महिने शिकणं, राहणं, सगळं त्यांचं. दोन अठ्ठेचाळीस पन्नासच्या आतली प्रमाणित वेळ लागते, आणि आपल्या अख्ख्या देशात ती एकट्या त्या पोरीकडे आहे. तिची दुसरी वेळ किती आहे? दोन पन्नास. मग?"

"तिची चाचणी घेऊ. दुसऱ्या तलावात. तीसच्या आधी."

"आणि जमलं नाही तर?"

हिरान्तीने वहीतला आकडेमोडीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"सात शतांश!" लयनल अय्या म्हणाले. "डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. आणि तू म्हणतेस तसं, ते वजा करूनही ती पुढेच आहे. मग तू नक्की कोणाचं नुकसान टाळतेयस?"

तिला मद्रासचा तो माणूस आठवला. एकोणीसशे त्र्याण्णव साल, दक्षिणेकडच्या देशांची एक लहानशी स्पर्धा, ती एकोणीस वर्षांची, आणि तलावाच्या काठावर सगळ्या देशांची पोरं-पोरी अंगाला तेल चोळून उड्या मारायला अधीर झालेली. आणि एक ठेंगणा, काळासावळा म्हातारा, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, अनवाणी, मोजपट्टी घेऊन लेनमागून लेन मोजत चाललेला. सगळे वैतागले होते, ऊन चढत होतं, कुणीतरी शिट्टी मारली. म्हाताऱ्याने वरसुद्धा पाहिलं नाही. आठवी लेन मोजून झाल्यावर त्याने वहीत लिहिलं, वही मिटली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि इंग्रजीत एवढंच म्हणाला, आता पोहा. त्याच दुपारी तिने तो विक्रम केला. पुढे कित्येक वर्षांनी महासंघाचं काम अंगावर घेताना तिला कळलं होतं, की मद्रासच्या त्या हिरव्यागार, गंधकाचा वास येणाऱ्या पाण्यात तिला जे मिळालं ते त्या म्हाताऱ्याने दिलं होतं. हा तलाव आणि तो तलाव एकच आहे, इथला सेकंद आणि तिथला सेकंद सारखा आहे, एवढी हमी कुणीतरी द्यायची असते. दोन खोल्या, तीन कपाटं आणि पंखा एवढ्याचसाठी असतात.

"मी पत्र आणलंय," ती म्हणाली. "दोन पत्रं. एक मापाचं. दुसरं माझ्या राजीनाम्याचं. जुना दाखला मी जोडला. बाकी कुणाचा त्यात हात नाही."

लयनल अय्यांनी दोन्ही पत्रं वाचली, दुसरं घडी करून परत तिच्याकडे सरकवलं. तिने ते पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

"लोक काय म्हणतील ते तुला कळतंय ना?"

"कळतंय."

लोकांमध्ये पहिला नेविल होता, आणि तो फोनवर न बोलता सरळ घरी आला. नेविल अबेगुणसेकर, ओशादीचा प्रशिक्षक, मद्रासला हिरान्तीबरोबर गेलेल्या चौघांतला एक. तेव्हा तो रिले पोहायचा आणि तिच्या चपला सांभाळायचा. आता टक्कल पडलं होतं, आवाज पोहणाऱ्यांवर ओरडून ओरडून फाटला होता. मोराटुवाच्या तिच्या त्या छोट्या घराच्या व्हरांड्यात तो बसला नाही.

"हिरु, खरं सांग. त्या दिवशी मिठी मारलीस, तेव्हा खरंच आनंद झाला होता का तुला?"

"नाही," ती म्हणाली.

तो या उत्तराची तयारी करून आला नव्हता.

"म्हणजे कबूल करतेस."

"आनंद झाला नव्हता. सही मात्र केली होती. ती करायला नको होती."

"आणि आता टेप घेऊन तलावात उतरलीस! एकतीस वर्षांत कधी उतरली होतीस? कोलंबोतल्या कुठल्या बाईला सकाळी उठून वाटतं, चला, तलाव मोजून बघू? फळ्यावरनं तुझं नाव पुसलं गेलं ते तुला सोसलं नाही. एवढं सरळ आहे ते."

"भिंत हाताला लागली, नेविल."

"भिंत सगळ्यांच्याच हाताला लागते!"

तो गेला. पायरीवर त्याने न प्यालेला चहा तसाच होता. आतून आई बाहेर आली, एकाहत्तराव्या वर्षापासून तिला ऐकू कमी यायचं, पण आज नेमकं सगळं ऐकलं होतं. तिने हिरान्तीचा हात धरला, आणि तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर खरोखरचा, लहान मुलासारखा आनंद पसरला. "म्हणजे परत तुझंच नाव लागणार होय?" हिरान्तीने हात सोडवून घेतला. नेविलच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते आईच्या त्या हसण्याने झालं. ती मागच्या अंगणात जाऊन फणसाच्या झाडाखाली बराच वेळ उभी राहिली. आई जे उघड हसली ते आपल्यातही कुठेतरी हसतंय का, हे ती शोधत होती. पोहताना पाण्याखाली डोळे उघडे ठेवावेत तसं तिने स्वतःत पाहायचा प्रयत्न केला. सगळं निळं, अस्पष्ट. तीन दिवस भिंत बोटाला लागत होती हे खरं. पण पहिल्या दिवशी ते बोट दुखलं तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं होतं? फरशी, की ओशादी? आठवेना. आणि आठवलं असतं तरी त्याने तलाव लांब झाला नसता. ती घरात आली आणि तिने मापाच्या पत्राची प्रत क्लबला आणि नेविलला टाकली.

रविवारी सकाळी ओशादी स्वतः तलावावर आली. नेविल आला नव्हता. बरोबर तिचे वडील होते, सिरिपाल, वाद्दुवला माडी काढायचे. या माडावरून त्या माडावर काथ्याचे दोर बांधून त्यांच्यावरून चालत जाणारा माणूस. तळपाय रुंद, अंगठे बाहेर फाकलेले, आणि बोलताना सारखी नजर वर जायची सवय. त्यांनी येताना केशरी तंबिली शहाळ्यांचा घड आणला होता आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरला होता. ओशादी उंच, रुंद खांद्याची, जबडा घट्ट आवळलेला. तिने नमस्कारही केला नाही.

"मोजून दाखवा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

हिरान्तीने टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं. ओशादीने चपला काढल्या. त्यांनी दोघींनी मिळून तिसरी लेन मोजली, कारण ओशादी त्या दिवशी तिसऱ्या लेनमध्ये पोहली होती. हिरान्तीने ओढ किती द्यायची ते शिकवलं. पोरीने दात आवळून दिली, टेप तारेसारखा ताठ झाला. मग हिरान्तीने क्लबच्या कपाटातून एक टच-पॅड आणून तिच्या हातात ठेवला. ओशादीने त्याची जाडी अंगठ्याने आणि बोटाने चिमटीत धरून पाहिली. मग चिमटी तशीच धरून ती भिंतीकडे पाहत राहिली.

"तरी मी पुढेच आहे," ती म्हणाली. "नेविल सरांनी हिशेब केला. दहा शतांश."

"मीही केला. तेवढंच येतं."

"मग?"

"मग काही नाही. तो हिशेब आपण केलाय. तू पोहलेली नाहीस."

पोरीचे डोळे भरून आले आणि तिने ते रागाने पुसले. "सगळे म्हणतात तुम्ही जळता माझ्यावर."

"म्हणू देत."

"जळता का?"

हिरान्तीला नाही म्हणता आलं असतं. समोर एकोणीस वर्षांची मुलगी होती, हातात टच-पॅड घेऊन. "माहीत नाही," ती म्हणाली. "असेनही. पण फरशी मी बसवली नाही."

सिरिपाल खाकरले. त्यांनी तंबिलीचा घड अखेर जमिनीवर ठेवला. "मिस, माझा दोर बोटभर आखूड असेल तर दोन माडांमध्ये पुरायचा नाही. मग मी कितीही चांगला चालणारा असलो तरी..." ते थांबले, मुलीकडे पाहिलं. "पोरी, चाचणी दे. रडायचं ते गाडीत रड."

"मी रडत नाहीये," ओशादी म्हणाली.

महासंघाच्या बैठकीत चौदा जण होते. हिरान्ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. राजीनामा दिल्यामुळे आत तिचं काम नव्हतं. आतला आवाज चढायचा, उतरायचा. कुणीतरी म्हणालं, एका बाईच्या बोटावरून देशाचा विक्रम रद्द करायचा का? मग लयनल अय्यांचा आवाज, शांत, थकलेला: "बोटावरून नाही. परवानाधारक मोजणीदाराकडून परत मोजून घेतलंय मी. लेझरने. आठही लेन." तिला हे माहीत नव्हतं. स्वतः नको म्हणत असतानाही त्यांनी ते करून घेतलं होतं. अडीच तासांनी दार उघडलं. मार्चच्या स्पर्धेतले चार विक्रम रद्द. चौघांनाही विद्यापीठाच्या तलावात चाचणीची संधी, सत्तावीस जून, सकाळी नऊ. लयनल अय्या तिच्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "राजीनामा मंजूर झालाय. मीच मत दिलं मंजूर करायला. रागावू नकोस."

"रागावले नाही," ती म्हणाली, आणि तसंच होतं.

सत्तावीस तारखेला ऊन सकाळपासूनच तापलं होतं. विद्यापीठाचा तलाव त्याच पहाटे मोजून झाला होता. दाखला अधिकाऱ्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली फडफडत होता. हिरान्ती प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, सिरिपालांपासून चार जागा सोडून बसली. हातात घड्याळ नव्हतं. मुद्दाम आणलं नव्हतं. एकट्याने पोहणं कठीण असतं. शेजारच्या लेनमध्ये कुणी नाही, मान वळवली की दिसणारी कुणाची टोपी नाही, नुसतं सपाट पाणी आणि स्वतःचा श्वास. ओशादी पहिल्या फेरीत बाणासारखी गेली. हिरान्तीच्या मांड्या आवळल्या. फार जोरात, तिच्या मनात आलं, फार जोरात, अगं थांब. दुसऱ्या फेरीतही ती पुढेच होती; नेविल काठावरून ओरडत होता, दोन पावलं तिच्याबरोबर चालला आणि पंचाने बोट दाखवताच जागच्या जागी थांबला, कारण काठावरून वेग दाखवत चालणं नियमात बसत नाही. मग तिसरी फेरी. तिसऱ्या फेरीत ते झालं. खांदे अर्ध्या इंचाने खाली बसले. हात येत होते, पण प्रत्येक हातानंतरचं सरकणं किंचित लवकर मोडत होतं. लांबून पाहणाऱ्या कुणालाही ते दिसलं नसतं. हिरान्तीला दिसलं, आणि ती चौथ्या फेरीभर फळ्याकडे न बघता पाण्याकडेच बघत राहिली.

दोन अठ्ठेचाळीस एकाहत्तर.

विक्रम नाही. शिबिराचा पन्नासचा आकडाही नाही. एकवीस शतांशांनी. आणि छातीच्या डाव्या बाजूला, हिरान्तीला आनंद झाला. छोटासा, गरम, क्षणभराचा, पण झाला. दीड महिना ती ज्याला शोधत होती तो हाच. तिने त्याच्यावरून नजर काढून घेतली नाही. हेवा होता तर. आणि तलाव आखूड होता. दोन्ही खरं होतं, आणि एकामुळे दुसरं खोटं होत नव्हतं. तिला वाटलं होतं की हे सापडल्यावर आपण कोसळू, आणि ती तर ताठ बसली होती, घाम पुसत होती, शेजारी सिरिपाल दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून आकाशाकडे पाहत होते. तो आनंद विझला. त्याच्या जागी काही आलं नाही, फक्त तिसरी फेरी राहिली. ते खाली बसलेले खांदे.

ओशादी पाण्यातून वर आली. नेविलने टॉवेल पुढे केला, तो तिने घेतला नाही. ती सरळ पायऱ्यांच्या दिशेने आली, निथळत, धापा टाकत, ओठ निळसर, आणि हिरान्तीच्या समोर उभी राहिली. हिरान्ती उठली. पोर आता काय म्हणेल ते म्हणो, ऐकून घ्यायचं, हे तिने ठरवलेलंच होतं.

"मद्रासला तिसरी फेरी तुम्ही कितीत केली होतीत?"

हिरान्तीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तिसरी," ओशादी म्हणाली. दम लागल्यामुळे शब्द तुटत होते. "तिथे मी मरते. दर वेळी. मार्चमध्येही मेले होते. नेविल सर म्हणतात दम वाढव. दम आहे मला. दुसरंच काहीतरी आहे. पेपरात नुसती शेवटची वेळ असते, फेऱ्यांच्या वेळा कुठेच नाहीत. तुम्हाला आठवतायत?"

आठवत होत्या. एकतीस वर्षांत तिने त्या कुणालाही सांगितल्या नव्हत्या, कुणी विचारल्याच नव्हत्या, आणि त्या तिच्याजवळ एवढ्या जपून ठेवलेल्या होत्या, की आता उच्चारल्या तर त्या आपल्या राहणार नाहीत असं तिला स्पष्ट जाणवलं. पुढच्या महिन्यात, नाहीतर पुढच्या वर्षी, या आकड्यांवरून ही मुलगी तिला मागे टाकेल. शिबिराने नाही, नेविलने नाही, तिनेच दिलेल्या आकड्यांनी. हे कळूनही हिरान्ती खाली उतरली. काठाशी गुडघ्यांवर बसली. मोजणी खात्याची साडी ओली झाली. तलावात बोट बुडवून तिने तापलेल्या सिमेंटवर पहिल्या फेरीचा आकडा लिहिला: अडतीस साठ.

"अडतीस?" ओशादी खाली वाकली. "मी सदतीस चाळीसने वळले आज. तुम्ही एवढ्या हळू गेलात?"

"बाजारात चालल्यासारखी गेले. सगळ्या माझ्यापुढे होत्या. नेविल काठावर रडायच्या बेतात होता, विचार त्याला." नेविल मागे येऊन उभा होता; त्याने मान दुसरीकडे वळवली, पण गेला नाही. हिरान्तीने पुन्हा बोट बुडवलं. बेचाळीस नव्वद. "दुसरीत फक्त लय. मग ही." त्रेचाळीस पन्नास. "फळ्यावर आज तुझे इथे साडेचव्वेचाळीस होते. एक अख्खा सेकंद, पोरी. पहिल्या फेरीत जो सेकंद मिरवलास तो इथे परत केलास. आणि शेवटची..."

ती चौथा आकडा लिहीपर्यंत पहिला वाळून गेला होता. उन्हाने दुसऱ्याचाही अर्धा भाग खाल्ला होता. ओशादी काठावर पालथी पडली, हनुवटी हातांवर टेकवून, केसांतलं पाणी सिमेंटवर ओघळू देत.

"परत लिहा, मिस," ती म्हणाली. "जरा मोठं लिहा."